दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा

नाही हो, बेल कितीही दाबा, आत कुणी नाही — सात रस्त्याला गेलेत तिघंही, काहीतरी काम आहे म्हणे. तुम्ही मुलाकडचे ना? ओळखलं की! दारावरची पाटी दोनदा वाचतो, जिन्यातल्या कुंड्या न्याहाळतो, तो स्थळाकडचाच माणूस. लाजू नका. घरचे नसताना यायचं आणि शेजारी विचारायचं, ही रीतच आहे. माझ्या लग्नाआधी असाच एक मामा अक्कलकोटला येऊन आमच्या शेजारच्या शरणम्माकडं दोन तांबे ताक पिऊन गेला होता. या, आत या. त्या खुर्चीत बसा, पंख्याखाली. मला गिरिजाबाई म्हणतात. पंधरा वर्षं झाली, हे दार आणि ते दार — मधली भिंत नावाला. त्यांच्याकडं फोडणी बसली की शिंक मला येते. चहा ठेवते. नको कसं? गुडघे रोजच दुखतात, म्हणून काय आल्यागेल्याला चहा द्यायचा नाही?

हं, घ्या. आता विचारा काय विचारायचं ते. देवयानी? अहो, सोनं आहे. जिल्हा परिषदेत नोकरी, सकाळी स्वयंपाक करून जाते, संध्याकाळी गाडीला भाजी अडकवून येते, आवाज म्हणून चढत नाही पोरीचा. तुम्ही चौथे बघा. तीन येऊन गेले — मी सगळ्यांना तोंडभरून सांगितलं, आणि पुढं कुणाचा फोनच नाही. यशोदावहिनी, म्हणजे तिची आई, मोबाइल देव्हाऱ्यापाशी ठेवते, वाजेल म्हणून. मधे कोण काय कालवतं, कळत नाही. खालच्या सोनाबाईवर माझा संशय आहे, पण जाऊ दे, कुणाचं नाव कशाला घ्या. दमले मी ह्या सगळ्याला. मुलगी त्यांची आणि झोप माझी उडालीय.

आणि मुलगी कशी आहे ते घरात कळत नाही, प्रवासात कळतं. मागच्या डिसेंबरात आम्ही लोणारला गेलो, ते तळं बघायला — एका दिवसात जाऊन आलो, सोलापुराहून! शहाणा माणूस जाईल का? पहाटे तीनला निघालो, ईरप्पाची गाडी, आठ तास जायला, आठ तास यायला, माझी कंबर अजून जागेवर नाही. कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी नेली होती, तेवढाच आधार. पण सरांना बघायचं होतं. गंगाधर सर — देवयानीचे वडील — एकतीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी. फळ्यावर लोणारचं तळं गोल काढायचे, नुसत्या हातानं, परकारानं काढल्यासारखं, आणि स्वतः कधी गेले नव्हते. आमचा अथर्व त्यांच्याच वर्गात. त्यानं पेपरात लिहिलं, लोणारचं तळं ज्वालामुखीनं झालं — सरांनी पन्नास वेळा लिहून घेतलं त्याच्याकडून, 'दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा.' मी सातवी शिकलेली बाई, पोळ्या लाटता लाटता मलासुद्धा पाठ झालं. आपला हा सगळा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यावर वरून उल्का आदळली, तिचा खड्डा झाला, आणि खड्ड्यात खारं पाणी. विचारा, झोपेत सांगेन.

तर आम्ही वर काठावर उभे. काय तो खड्डा हो! सगळं रान आत घरंगळल्यासारखं, आणि तळाला हिरवं पाणी. सरांनी हात वर केला — बोटांत खडू धरल्यासारखा — आणि म्हणाले, "मुलांनो, हे ज्वालामुखीचं तोंड." तिथला वाट दाखवणारा म्हातारा हसला, "नाय ओ गुरुजी, उल्का पडली हितं." मीही हसले, म्हणलं चला, सरांचं एकदा तरी चुकलं! देवयानी हसली नाही. तिनं बापाचा हात धरला, तो उतरताना आणि परत वर चढताना सोडला नाही.

खाली उतरणं म्हणजे — बाई बाई, माझे गुडघे! पायऱ्या, झाडी, मोर ओरडतायत, आणि पाण्याला असा वास की पदर नाकावरचा काढवत नाही. काठाला कमळजादेवीचं देऊळ आहे. यशोदावहिनीनं देवीला हळदीची पुडी नेली होती. तो म्हातारा म्हणाला, चिमूटभर हळद हातावर घ्या, त्यावर हे पाणी टाका — आणि लाल! कुंकवासारखी लाल, खरंच सांगते. सर लहान मुलासारखे हसले. "देवयानी, बघितलंस? हळद लाल झाली!" ती म्हणाली, "हो की बाबा." थोडं चाललो, आणि सर परत — "देवयानी, ह्या पाण्यात हळद टाकून बघू या का, काय होतं?" परत टाकली. परत तसेच हसले, तितकेच. मग परत. यशोदावहिनी देवळाच्या पायरीवर बसली, तोंड फिरवून. पुडी संपली. आणि ही पोर — ऐका — देवळापाशी एक बाई ओटीचं सामान विकत होती, तिच्याकडून हळदीची दुसरी पुडी घेऊन आली. प्रत्येक वेळी, "काय होतं बाबा? दाखवा बरं!" जसं काही आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. एकदासुद्धा म्हणाली नाही, आत्ताच केलं की. माझ्या पोटच्या पोरानं तिसऱ्या वेळेला हात झटकला असता. अशी मुलगी कुठं मिळेल सांगा मला? दिवा लावून शोधा.

आणि येताना, तुळजापूरचा घाट उतरत होतो, अंधार पडून किती तास झालेले, सगळे मेल्यासारखे पडलेले गाडीत, तेव्हा सर म्हणाले, "देवयानी, आपलं लोणारला जायचं तेवढं राहिलंच बघ." ईरप्पानं आरशातून मागं बघितलं. मी झोपल्याचं सोंग घेतलं. ती म्हणाली, "जाऊ की बाबा. येत्या रविवारी." तेव्हापासून त्या रविवारचं रोज बोलणं होतं, भिंतीतून येतं मला — डबा काय न्यायचा, किती वाजता निघायचं. ह्या महिन्यात दुसऱ्यांदा नेलंय त्यांना डॉक्टरकडं, औषध बदल—

कामाला. काम आहे म्हणलं ना मी सात रस्त्याला.

तुम्ही असं बघू नका. वय झालं की होतंच माणसाचं, थोडं इकडचं तिकडं. यशोदावहिनीनं माझा हात धरून सांगितलंय, लग्न ठरेपर्यंत कुठं बोलू नका, मग आम्हीच सांगू पाहुण्यांना, नीट बसवून. सिद्धेश्वराची शपथ घेतलीय मी. आणि मी कुठं बोलले? मी मुलीचं मन सांगत होते तुम्हाला. हळदीची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. आधीच्या तिघांनाही हीच सांगितली — तिच्याबद्दल ह्याहून चांगली गोष्ट माझ्याकडं नाहीच—

उठलात? चहा तसाच की. एक घोटसुद्धा नाही घेतला.

त्यांनीही असाच ठेवला होता. तिघांनीही. मी कप उचलताना म्हणलं, साखर कमी पडली असेल.

ह्याच खुर्चीत बसले होते हो.

थांबा. एवढंच ऐका — घरी सांगणार असाल तर नुसतं सरांचं सांगू नका. दुसऱ्या पुडीचं सांगा. सांगाल? ... नाही. नाही सांगणार तुम्ही.

लिफ्ट वाजली. आले ते. जावा तुम्ही, जिन्यानं जावा, चप्पल खाली जाऊन घाला — जावा म्हणते ना! ... आलात का गं देवयानी? सर, सावकाश या, उंबरा आहे. कोण? कुणी नाही गं — पत्ता चुकले होते.