कुलूपवाल्याचा मोबाईल

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्हाला जमत नाही! मला? तुम्हाला सांगतो, या अख्ख्या बाजारात असं एक कुलूप नाही जे माझ्या हाताखाली उघडलं नाही. तिजोरी म्हणू नका, गोदाम म्हणू नका, सोनाराचं दुकान म्हणू नका (सोनाराने स्वतः बोलावलं होतं, गैरसमज नको!), सगळं उघडलं, आणि जन्मात न उघडलेली वस्तू एकच... माझा स्वतःचा मोबाईल!

हसा, हसा! त्याला म्हणे अंगठा दाखवला की उघडतो. कसला उघडतोय? जन्मभर कानशीने किल्ल्या घासल्या, किल्ल्यांबरोबर बोटंही घासली गेली, आता अंगठ्यावर रेघ म्हणून उरलेली नाही. मी अंगठा टेकवतो, तो म्हणतो, ओळखलं नाही. अरे, रोज रात्री तुला चार्जिंगला लावतो कोण? पोटभर जेवून तोंड फिरवणाऱ्या पाहुण्यासारखी गत!

मग उरले चार आकडे. ते मी रोज सकाळी बदलतो. का म्हणजे? ज्याने उभा जन्म लोकांची कुलपं उघडली, त्याचा कुलपावर विश्वास बसेल होय? म्हटलं, चोराला पत्ता लागता कामा नये. चोराला नाहीच लागला... मलाही नाही लागला! साधं कुलूप असतं ना, तर केव्हाच उघडलं असतं!

आता आमच्या हिचं ऐका. ही, म्हणजे बायको, वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवते. वर्गात तिला मॅडम म्हणायचं. घरीही तेच, पण मनातल्या मनात. आणि तिचा नियम काय, तर शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या फोनला बोट लावायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी! "आपण करून दिलं की संपलं, मग ते जन्मभर आपल्याकडेच घेऊन येतात," म्हणते. तिथे निवृत्त हेडमास्तर फोनला दरडावतात, "उघड! उघड म्हणतो ना!" ...ही शांत. शिवणवाल्या आजी स्क्रीनवर इस्त्री केल्यासारखा अख्खा तळवा फिरवतात... ही शांत. अहो, चौथीनंतर मी शाळा सोडली ती अशाच बाईंना घाबरून, आणि लग्न कुणाशी केलं बघा!

तर परवाची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, परगावी लेकाकडे असतो. त्याच्या पित्ताशयात खडे झाले. लहानपणी मी त्याच्या दप्तरात गुपचूप दगड भरायचो, म्हटलं आत्ता पोचले वाटतं! ऑपरेशन ठरलं. माणूस दरवाजाएवढा, पण सुई दिसली की भिजलेलं मांजर. सकाळी चहा ओतता ओतता ही म्हणाली, "भाऊजींचा निरोप आहे. दहाला आत नेतायत. म्हणाले, धाकट्याने थोबाड दाखवून हसवल्याशिवाय मी आडवा होणार नाही."

आत्ता हसतोय हो, पण तेव्हा चहाचा कप तसाच खाली ठेवला. दादा आहे तो. न जाणो, उद्या काही... जाऊ दे, तसलं बोलायचं नाही. म्हटलं, "लाव बाई तुझ्या फोनवरून." तर म्हणते कशी, "तुमचा आहे ना? वर्गात या आणि लावा." ऐकलंत? घड्याळ पळतंय, भाऊ अडून बसलाय आणि ही नियम सांगतेय!

गेलो वर्गात. अंगठा लावला, ओळखलं नाही. घराचा नंबर टाकला, चूक. लग्नाचा दिवस आणि महिना टाकला, चूक. ही मागून वाकून म्हणाली, "फोनचं सोडा, तारीखच चुकलीय." हेडमास्तर म्हणाले, "शंभर वेळा लिहून काढा!" शिवणवाल्या आजी म्हणाल्या, "जरा फुंकर मारून बघा." तेवढ्यात फोनच रुसला, म्हणे थोड्या वेळाने प्रयत्न करा. थोड्या वेळाने? दादा तिकडे स्ट्रेचरवर बसून असेल रे! साधं कुलूप असतं ना, तर केव्हाच उघडलं असतं! म्हटलं, "मॅडम, हात जोडतो, एकदा, एकदाच हात लाव!" हिचे हात पाठीमागेच. पण पुस्तकांच्या कपाटाच्या काचेत मला दिसलं, पाठीमागे तिची बोटं एकमेकांना नुसती पिळत होती.

फोनचा रुसवा गेल्यावर म्हणाली, "डोळे मिटा. किल्ली घासताना कानशीकडे बघता का?"

"छे! हाताला कळतं."

"मग हातालाच विचारा. सकाळी आकडे त्यानेच टाकलेत."

मिटले डोळे. अंगठा गेला वर... खाली... जरा बाजूला... परत वर... आणि उघडला की हो! शिवणवाल्या आजींनी तर शिट्टी मारली, या वयात! लावला फोन, आणि पलीकडून दादा ओरडतोय, "अरे टिल्ल्या, तू पंखा कधी झालास?" फोन आडवा धरलेला, त्याला छत दिसत होतं! घाईने तोंडाशी नेला, तर नुसत्या नाकपुड्या. वाटेत घोकलेला विनोद पार विसरलो, पण दादा त्या नाकपुड्यांनाच असा हसला, पोट धरून, मग "आई गं" करून, मग परत हसला, की नर्स धावत आली. म्हटलं, "जा आता निमूट, आणि खडे टाकू नकोस, माझे आहेत ते!"

संध्याकाळी पुतण्याचा मेसेज आला, सगळं छान झालं, बाबा शुद्धीवर येऊन पहिलं 'पंखा' म्हणाले. मग काय, मी छाती काढून हिच्यासमोर उभा! म्हटलं, "बघितलंस? दहाच्या ठोक्याला लावला! जरा उशीर झाला असता तर दादा बिचारा तसाच रडवेला आत गेला असता, आणि तू बघत बसली असतीस!"

तिने सावकाश चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि म्हणाली,

"अहो, भाऊजींचं ऑपरेशन बाराला होतं. दहाला ठेवलं होतं ते तुमचं."