दोन किनाऱ्यांचे व्याही

प्रसूतिगृहात माझ्यासमोर दोन व्याही बसले होते. दोघेही मच्छीमार, पण शेजारशेजारच्या देशांतले.

"व्याहीबुवा, विणीच्या हंगामात आम्ही बोटी ओढून ठेवतो आणि तुम्ही खुशाल जाळी टाकता?"

"आमची बंदी पुढच्या महिन्यात लागते. तेव्हा तुम्ही तरी कुठे थांबता?"

"अहो, मासळीला सरहद्द कळते का? दोन्ही देशांनी एकदमच बंदी पाळायला काय धाड भरलीये?"

"परवाच्या बैठकीत तेच ठरणार होतं. तुमच्या मंत्र्यांनी टोलवलं."

"तुमच्यांनी टोलवलं! पेपरात आलंय."

"आमच्या पेपरात तर तुमच्यांचं नाव आलंय."



"म्हणजे दोघांनीही आपल्याला शेंडी लावली?"

"पुढच्या बैठकीला आपण दोघं एकत्रच जाऊन उभे राहू. मग बघू, कोणाकडे बोट दाखवतात ते."