वर म्हणजे बंद

पोलीस ठाणे, बोईसर
दिनांक ४ डिसेंबर २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

जबाब देणार पंढरी आबाजी सोनवणे, वय ६१ वर्षे, काम: निवृत्त विद्युत फिटर, राहणार कुंभवली, ता. जि. पालघर, मूळ राहणार ता. पारोळा, जि. जळगाव.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला आज कोणी बोलावलेले नाही. माझी पत्नी अर्चना हिने २१ नोव्हेंबर रोजी या ठाण्यात आमचे जावई कुंदन यांच्याविरुद्ध अर्ज दिला आहे. कुंदनने भांडणाच्या रागात मशीन चालू करून आमच्या मुलीचा हात जायबंदी केला, असे त्यात लिहिले आहे. ते खरे नाही. काय घडले ते मी पाहिले आहे, म्हणून स्वतःहून आलो.

माझी मुलगी प्रतीक्षा, वय ३१, आणि कुंदन हे तीन वर्षांपासून कॅनडात ब्रॅम्प्टन येथे राहतात. कुंदन इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी आहे. लग्न मुलांनी ठरवले, आम्ही हो म्हटले. माझ्या पत्नीने हो म्हटले, पण ओठातून. प्रतीक्षा तिकडे कृत्रिम दात बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते. बारीक हातकाम आहे.

गेल्या जूनमध्ये त्यांनी तिथे घर घेतले. स्वयंपाकघरातल्या सिंकच्या खाली एक मोटर आहे. खरकटे आत सोडले की ती ते दळून पाण्याबरोबर वाहून नेते. आम्ही तिला चक्की म्हणत होतो. ५ नोव्हेंबर रोजी चक्की अडकली. दुरुस्तीवाला नुसता बघायला यायचे जेवढे पैसे सांगत होता, त्यात थोडी भर घातली की नवीन येते, म्हणून नवीनच घ्यावी असे कुंदनचे म्हणणे पडले. प्रतीक्षा म्हणाली, आधी बाबांना विचारू. यावरून चार दिवस त्यांची बोलाचाली चालू होती. पत्नी ज्याला भांडण म्हणते ते हेच. दुसरे भांडण माझ्या माहितीत नाही.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात एकतीस वर्षे काढली. बिघडलेली मोटर मी कधी भंगारात जाऊ दिली नाही. घरातही तेच. आमचा मिक्सर माझ्या मुलीच्या वयाचा आहे. मोडके टाकणे मला जमत नाही, आणि नवीन घेऊ म्हणणाऱ्याचा मला राग येतो. जित्याची खोड आहे. मी प्रतीक्षाला म्हटले, "अडकल्यावर आधी घूं करत होती ना? मग मोटर जिवंत आहे. जिवंत मोटर टाकायची नाही. रविवारी फोन लाव, मी सांगतो तसं करा."

रविवार, ९ नोव्हेंबर रोजी आमच्याकडे संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते, तिकडे सकाळचे सव्वानऊ. पत्नी पालघरला बहिणीकडे गेली होती. मी घरी एकटा होतो. प्रतीक्षाने व्हिडिओ कॉल लावून फोन सिंकमागच्या भिंतीला टेकवून ठेवला. मला ती आणि सिंक दोन्ही नीट दिसत होते. कुंदन खाली कपाटात डोके घालून आडवा पडला होता. त्याला वरचे काही दिसणे शक्य नव्हते.

कुंदन म्हणाला, "पप्पा, मेन स्विच तळघरात आहे. मी बंद करून येतो." मी त्याला अडवले. मी म्हटले, "कशाला? सगळी घड्याळं परत लावत बसशील." मग मी प्रतीक्षाला विचारले, "चक्कीचं बटण वर आहे का?"

याबाबत खुलासा करतो की, आपल्याकडे भिंतीवरचे बटण वर असले की बंद असते आणि खाली केले की चालू होते. प्रतीक्षा तीन-चार वर्षांची असताना मी तिला शिकवले होते, वर असेल तर बिनघोर, खाली असेल तर खबरदार. ती ते गाण्यासारखे म्हणायची. पाहुणे आले की आम्ही तिला म्हणायला लावायचो.

प्रतीक्षाने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "वर आहे बाबा. बिनघोर." ती हसली.

कॅनडात बटण वर केले की चालू होते. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

मी सांगितल्याप्रमाणे कुंदनने खालून अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, घालून मोटर हाताने फिरवली. प्रतीक्षाने वरून हात घालून एक चिंचोका काढला आणि मला दाखवला. म्हणाली, "अजून एक लागतोय बोटाला." कुंदन खालून म्हणाला, "पप्पा, नाय जमलं तर राहू द्या. मी आज नवीन मागवतो." ते मला लागले. चक्कीच्या बुडाला एक लाल बटण असते. मोटर अडकली की ते उडते, आणि ते दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. मी कुंदनला ते दाबायला सांगितले. त्याने विचारले, "आत्ता दाबू, पप्पा?" मी म्हटले, "दाब."

त्यावेळी प्रतीक्षाचा हात आत होता. तो मला दिसत होता.

कारखान्यात मोटर उघडण्याआधी मी तिचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवत असे, म्हणजे दुसऱ्या कोणाला चुकूनही ती चालू करता येऊ नये. एकतीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही.

त्यानंतर फोन पडला. आवाज येत होता, पण चित्रात फक्त छत होते. काही वेळाने आवाजही थांबला. कॉल चालूच राहिला. मी तो बंद केला नाही. त्यांच्या फोनची बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे एक तास दहा मिनिटे, मी छत बघत होतो.

प्रतीक्षाच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट दुसऱ्या पेरापासून गेले. तिसरे बोट वाचले. ती सध्या कामावर नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदनने पत्नीला फोन केला. "मम्मी, बटण माझ्याच हातून दाबलं गेलं," एवढेच तो म्हणाला. माझे नाव त्याने घेतले नाही. मी शेजारच्या खुर्चीत होतो. पत्नी त्या दिवसापासून म्हणते आहे, त्यांचे मासे, त्यांचे काटे आणि हात माझ्या पोरीचा. चक्कीत काटा नव्हता, चिंचोके होते. चिंच आम्ही पाठवली होती. दर वर्षी पत्नी चिंचोके काढून गोळे करते. या वर्षी तिचा गुडघा दुखत होता म्हणून चिंच मी साफ केली. हे तिला माहीत नाही.

१८ नोव्हेंबर रोजी प्रतीक्षा माझ्याशी पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "बाबा, इकडे वर म्हणजे चालू. मला माहीत होतं. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मला आपल्याच घरातलं बटण दिसलं." मग तिने मी जेवलो का ते विचारले. मी जेवलो म्हणून सांगितले. मी जेवलो नव्हतो.

कुंदनचे आईवडील हिरा व कमलाकांत यांना अर्जाच्या चौकशीसाठी या ठाण्यात दोनदा बोलावले गेले. काल मी पत्नीबरोबर आलो तेव्हा ते बाहेर बाकड्यावर बसले होते. हिराबाई मला म्हणाल्या, "व्याही, आमचा कुंदन तसा नाय हाय. तुमी तवा फोनवर होता ना? तुमीच सांगा यांना काय जालं ता." कमलाकांत खाली बघत होते. मी पाणी पिऊन येतो असे सांगून उठलो आणि घरी गेलो. मला स्वतःची लाज वाटली.

कुंदनविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तो मेन बंद करायला निघाला होता, मी त्याला थांबवले. त्याने दाबू का म्हणून विचारले, मी दाब म्हटले. दोष माझा आहे. पत्नीला हे मी आज घरी गेल्यावर सांगणार आहे.

सदर चक्कीबाबत विचारल्यावरून सांगतो की, ती नीट झाली. मोटर चालते. प्रतीक्षाच्या सांगण्यावरून कुंदनने ती काढली आहे आणि तिथे साधा पाइप जोडला आहे.

हा जबाब हवालदार नीलेश यांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना त्यात एक चूक आढळली. "मुलीने बटण बंद असल्याचे सांगितले," असे लिहिले गेले होते. मी ते खोडून घेतले. मी बंद आहे का असे विचारलेच नव्हते. मी वर आहे का विचारले, आणि ते वर होते. माझ्या मुलीने खरे सांगितले. एवढ्या दुरुस्तीनंतर जबाब बरोबर आहे, म्हणून सही करतो.

पंढरी आबाजी सोनवणे