फळीवरची नात

मुलांनो, समजा तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यातल्या बाकावर बसला आहात. शेजारी एक म्हातारे सुतार आहेत. त्यांच्या डाव्या हाताला रक्ताळलेलं फडकं गुंडाळलंय. त्यांना खेटून त्यांची सातेक वर्षांची नात बसलीय.

“आबा, मी उठले म्हणून फळी हलली ना?”

“मी ती शिकंज्यात आवळली नव्हती, म्हणून हलली.”

“पण तुम्हीच म्हणता, शिकंज्यापेक्षा तू भारी.”

“तू फळीवर बसलीस की गप्पा होतात. शिकंजा कुठे बोलतो?”

“मांजर आलं होतं. मी न सांगताच उठले.”

“आणि मी खाच कोरताना पटाशीच्या वाटेत हात ठेवला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना ओरडतोय यावरून. शहाणाच मी.”

“बोट शिवतील?”

“नाही गं. अर्धं काढावं लागेल म्हणाले.”

“मग फळी आता शिकंज्यातच लावणार?”

“हो, बाळा.”

“मग मी कुठे बसू?”



“बाबा, ऑपरेशनसाठी इथे सही करा,” नर्स म्हणाली.

आबांनी उजव्या हाताने पेन टेकवलं, तसा बाकावरचा कागद सरकला. नातीने दोन्ही तळवे त्यावर दाबले आणि सही पुरी होईपर्यंत उचलले नाहीत.