माणिकबाईचा उपास आन् आल्प्सचा घाट

...नाही, पन मी म्हनतो, मले कोनं सांगतलं होतं? सांगा न! पोट्टी माणिकबाईची, सायकल पोट्टीची, पहाड तिकडं आल्प्सचा, आन् घाम कोनाले? मले! देवरावले! भातकुलीत, आपल्या वसरीत, पंख्याखाली, बसल्या जागी!

तुमाले सांगतो, प्रतीक्षा म्हंजे आमच्या शेजारच्या माणिकबाईची एकुलती एक. नोकरीसाठी परदेशात गेली, ठीक हाये. थंडीत राह्यते, ठीक हाये. पन सायकल? अवो, आमच्या भातकुलीत चढ म्हंजे शाळेपुढचा ब्रेकर! तेवढ्या चढावर वाढलेली पोट्टी, आन् फोनवर म्हनते कशी, "काका, शनिवारी मी सायकलनं तीन घाटांचा फेरा मारनार. सकाळी निंगाली का संध्याकाळी त्याच गावात वापस." म्या म्हटलं, "बाई, त्याच गावात वापस याचं हाये, तं गेलीच काहून?" तं हासते!

माणिकबाईचा फोन बटनवाला. मंग मीच तोंड घातलं, "कुठं हायेस ते माह्या फोनवर धाड, मी पाहतो, तुह्या आईले सांगत जातो." मले कोनं सांगतलं होतं! धाडलं पोट्टीनं. एक नकाशा, त्यावर निळा ठिपका. ठिपका सरकला म्हंजे प्रतीक्षा सरकली.

शनिवारी माणिकबाई झेंडूची टोपली घेऊन आमच्या वसरीत हजर. सुईत दोरा ओवला, आन् म्हनते, "देवरावभाऊ, अंबादेवीले बोलली मी. पोट्टी शेवटचा घाट उतरल्याबिगर अन्नाचा घास घेनार नाही." अवो बाई, तुले शुगर! दोन टाइम गोळी! पन देवीले बोललेलं मांगं कसं घेता येईन?

पहिला घाट झाला, दुसरा झाला. मी सांगून राह्यलो, ते हार गुंफून राह्यली. तिसरा घाट चढता चढता, चार वाजता... ठिपका थांबला.

आता थांबला तं थांबला, दम खात असन. पाच मिनिटं. दहा. अर्धा घंटा! म्या नकाशा बोटानं मोठा केला, तं रस्ता कसा, बैल मुतल्यावानी, इकून तिकडं, तिकून इकडं! एका अंगानं हिरवं, आन् दुसऱ्या अंगानं नुसतं करडं. करडं म्हंजे काय? दरी! आन् ठिपका कुठं? बरोब्बर हिरव्या-करड्याच्या मधात!

"देवरावभाऊ, कुठं आली?"

"चालून राह्यली न!"

"पानी पेली?"

"पेली, बाटलीभर."

"डोक्शावर टोपी हाये?"

"हाये!" अवो, ठिपक्याले टोपी कुठून दिसन! पन मी सांगून राह्यलो, वळन घेतलं, घंटी वाजवली, एका म्हाताऱ्याले हात दाखवला... सारं माह्याच मनचं. ठिपका जागचा हालत नाही.

तेवढ्यात पाह्यतो तं काय, माणिकबाईची सुई फुलाच्या बाजूनं चालली. हात लटलटा कापते, कपाळ घामानं डबडबलं. म्या साखरेचा डबा पुढं केला, तं बाईनं दात आवळले! "उतरल्याबिगर नाही." आता सांगा, इकडं माय चालली, तिकडं पोट्टीचा पत्ता नाही. काय करावं मानसानं? म्या जोरानं बोंबललो, "उतरली! माणिकबाई, उतरली वो पोट्टी!"

तिनं हात जोडले. माही बायको जमुना, तिनं भाकर आन् अंबाडीची भाजी वाढली. दीड भाकर खाल्ली बाईनं, हात थांबले, आन् घरी जाऊन लेटली.

आन् मंग माह्या ध्यानात आलं. आईनं घास खाल्ला... आन् पोट्टी तं अजून वरच हाये! आता तिले काही झालं तं? ते पाप कोनाच्या डोक्शावर? म्या तिथूनच हात जोडले, "माय अंबादेवी, बाईचा काही दोष नाही. तिच्या जागी माहा उपास! जवर हे पोट्टी पहाडात सायकल चालवन, तवर माह्या तोंडात घास नाही!" जमुनानं पोहे आनले, परत पाठवले. ते म्हनते, "घ्या! दुसऱ्याच्या घरात नाक खुपसता न, आता भोगा!"

सव्वापाचले फोन. प्रतीक्षा! "काका, गायी आडव्या आल्या, मंग गारा पडल्या. तं एका म्हातारीनं घरात बोलावलं, सूप पाजलं. कुठली, काय करते, लग्न काहून नाही केलं, सारं इचारलं तिनं. तिथंही तुमच्यासारखे हायेत! आता उतरतो. दहा किलोमीटर, पंधरा मिनिटं!"

"माय, ब्रेक दाबून ये!"

"सारखा नाही दाबाचा काका, तापते!"

आन् सुटला न ठिपका! सुटला म्हंजे... ठिपका डावीकडं, मी खुर्चीत डावीकडं. ठिपका उजवीकडं, मी उजवीकडं. माहे दोन्ही पाय फरशीवर, ब्रेक मारून राह्यलो! तेवीस वळनं, मोजली म्या! आन् सतराव्या वळनावर ठिपका रस्ता सोडून सरळ करड्यात... दरीत! "जमुना" म्हनाले गेलो तं "ज..." वरच अटकलो. मंग ठिपका आपसूकच रस्त्यावर वापस. नेट हो, नेट! नेटनं माहा जीव घेतला असता!

उतरली. खाली पोचल्याचा फोटो आला, दात दाखवून राह्यली. थंडे पोहे म्या उभ्यानंच गिळले.

संध्याकाळी माणिकबाई नारळ घेऊन आली. चेहरा टवटवीत. पोट्टीचा फोन लावून दिला, तं तिकून आवाज येते, "आई, उद्या याच्याहून मोठा फेरा हाये, चार घाट!" म्या माणिकबाईकडं पाह्यलं. आता नाही म्हनन, रडन, आईच्या शपता घालन...

"जा न माय," बाई म्हनते, "खुशाल जा. उद्या मी उपासगिपास काही धरत नाही. देवरावभाऊ इतकं बारीक सांगतेत का मले भेवच लागलं नाही."

म्हंजे? म्हंजे उद्या इतवार. चार घाट. देवीले बोललेलो मी, जवर पोट्टी पहाडात सायकलीवर, तवर घास नाही! आन् आमच्या घरी मटन हाये, जमुनानं माणिकबाईले जेवाले बोलावलं हाये.