फक्त आपलं नाव निघू नये

जिंकलो तर?... हसू नका! लोकांची झोप हरायच्या भीतीनं उडते, माझी सलग चार रात्री उडाली ती जिंकायच्या भीतीनं. आणि बोलायची सोय नाही, कारण नवरा शेजारीच छताकडे टक लावून पडलेला आणि त्याची प्रार्थना बरोब्बर उलटी! एकाच पांघरुणाखालून देवाकडे दोन अर्ज, दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. त्या देवानं तरी करायचं काय?

तर झालं असं, की बालवाडीच्या कमिटीची वार्षिक सभा होती आणि माझ्या लेकीचा, विनीचा कान दुखत होता, म्हणून मी गेले नाही. आमच्या मुरिंगल गावात सभेला न जाणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. पाच वर्षं राहतेय मी इथे! जो येत नाही त्याची एकमतानं निवड होते. सकाळी बेकरीत अध्यक्षा बेरिल भेटली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "अभिनंदन हं, ब्रिडी बाळे! सोडत तुझ्याकडे. आम्ही सगळ्यांनी हात वर केले."

मी म्हटलं, "बेरिल, मला सोडतीतलं काही म्हणजे काही..."

"अगं, शिकलेली मुलगी तू! बादली आहे, चिठ्ठ्या आहेत, त्यात कसली विद्या लागते? आणि गाडीसाठी आहे गं."

आता बालवाडीची यंदाची सोडत गाडीसाठी म्हटल्यावर संपलंच. ही गाडी आमच्याकडच्या आजारी माणसांना मेलबर्नच्या इस्पितळात नेते, तीन तास जायला, तीन तास यायला, चालवणारे सगळे बिनपगारी म्हातारे, आणि गाडी त्यांच्याहून म्हातारी. गेल्या महिन्यात चढावर तिनं मान टाकली ती टाकलीच. तुम्हीच सांगा, चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं?

बक्षीस काय? तर फायनलची दोन तिकिटं. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, फुटबॉलची फायनल! दाताच्या डॉक्टरांची होती ती, पण त्यांच्या मुलीनं क्वीन्सलँडला लग्न ठरवलं, तेही त्याच दिवशी. फायनलच्या दिवशी लग्न! गावानं आधी मुलीला नावं ठेवली, मग जावयाला ठेवली, मग 'जाऊ दे, तिकडं वेगळाच फुटबॉल खेळतात, त्यांना काय कळणार' असं म्हणून दोघांना माफ केलं. डॉक्टर बिचारे रडवेल्या चेहऱ्यानं तिकिटं बेरिलला देऊन गेले.

आणि फायनलला पोचलं कोण? माझ्या नवऱ्याचा, रोरीचा संघ. तो शेवटचा जिंकला तेव्हा रोरी विनीएवढा होता, आपल्या बापाच्या खांद्यावर बसून त्यानं तो सामना पाहिला होता. त्यानंतर नुसतं हरणं... पावसात हरणं, उन्हात हरणं, एका गुणानं हरणं. आता इतक्या वर्षांनी हे! दुसरा एखादा नाचला असता, ओरडला असता. रोरी? रोरीनं कपाटातून संघाचा मफलर काढला आणि त्याला इस्त्री केली. लोकरीच्या मफलरला! सहा वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःच्या शर्टाला इस्त्री केलेली मी पाहिलेली नाही. मी विचारलं, "हवीत का रे ती तिकिटं?" तर म्हणतो, "छे, टीव्हीवर जास्त नीट दिसतं." आणि परत इस्त्री.

बरं, चिठ्ठ्या विकायला मी बेकरीबाहेर टेबल मांडलं. तुम्हाला वाटेल, फायनलची तिकिटं म्हणजे उड्या पडतील. पहिला आला क्लॅरी, सत्तरीचा, गाडी चालवणाऱ्या म्हाताऱ्यांतला सर्वांत कडक. चष्मा वर करून पाटी वाचली आणि म्हणाला, "मटण नाही?"

म्हटलं, "नाही हो, फायनलची तिकिटं आहेत."

"दर शुक्रवारी क्लबात सोडत असते, चॉप्स आणि सॉसेजची परात असते. माणूस घरी नेतो, खातो. तिकीट काय, तळून खाऊ? आणि तो संघ? त्यांचा सामना मी फुकटसुद्धा बघत नाही!" पण घेतली हं दोन चिठ्ठ्या. गाडीसाठी. चांगल्या कामाला नाही कसं म्हणायचं? 'हरले तर बरं' म्हणत गेला.

आणि मग अर्धा तास कोणीच नाही. लोक लांबून हात करायचे आणि रस्ता ओलांडायचे. तुम्ही कधी रिकाम्या टेबलामागे बसलायत? आपणच काहीतरी वाईट विकतोय असं वाटायला लागतं. मला तर लगेच वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय, चेहरा चुकतोय, आवाज चुकतोय, आई म्हणून तर रोजच चुकते... म्हणून जरा चिठ्ठ्यांचं पुस्तक सुरू झालेलं दिसावं एवढ्यासाठी मी स्वतःच्या नावानं पाच चिठ्ठ्या फाडल्या. मग कोणी नाही म्हणालं की आणखी दोन. बेरिल बघायला आली की घाईघाईनं तीन. आणि प्रत्येकीवर शिकलेल्या मुलीसारख्या सुवाच्य अक्षरात आमचं आडनाव, 'क्विल्टी', 'क्विल्टी', 'क्विल्टी'... सोमवारी घरी बादली उपडी केली तर काय! मग लोकांनी घेतल्या हो, भरपूर घेतल्या, पण तोवर जिकडे बघावं तिकडे आम्हीच.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? पैसे मोजलेत, जिंका! इथेच तर गोम आहे. तुम्हाला हॅमवाले पास्को माहीत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी नाताळची सोडत पास्कोबाईंकडे होती आणि डुकराचं मोठं हॅम निघालं त्यांच्याच नावानं. सरळ निघालं, कोणी काही लबाडी केली नव्हती. पण पास्कोबाईंनी ते घेतलं! सोडत चालवणाऱ्यानं घ्यायचं नसतं. 'अय्या, परत काढा, परत काढा' म्हणायचं असतं आणि चिठ्ठी बादलीत टाकायची असते, हे इथे लेकरालाही कळतं. बाई गेल्या, पण नातू अजून 'हॅमवाल्यांचा' आहे. तो नातू शाकाहारी आहे हो! आणि एवढ्याशा हॅमला बावीस वर्षं, तर फायनलला किती?

म्हणजे आमचं नाव निघालं तर मला 'परत काढा' म्हणावं लागणार. रोरीच्या समोर. त्या इस्त्रीच्या मफलरासमोर. म्हटलं तर नवरा गेला, न म्हटलं तर गाव गेलं. चारही दिवस भांडी घासताना माझं एकच पुटपुटणं, "कोणाचंही येऊ दे, फक्त आपलं नको... फक्त आपलं नको..."

शुक्रवारी संध्याकाळी क्लबात सगळे जमले. मी ठरवलं, आपल्या चिठ्ठ्या आधीच काढून टाकायच्या, म्हणजे प्रश्नच मिटला. बादली घेऊन स्वयंपाकघरात शिरले, कोपरापर्यंत हात घातला, एक क्विल्टी सापडली, दुसरी सापडली, आणि दारात क्लॅरी!

"काय चाललंय?"

"हलवतेय," मी म्हटलं.

त्यानं माझ्या मुठीकडे बघितलं. "मूठ वळून हलवतात होय? आमच्या वेळी बादली हलवायचे." आणि बादली माझ्या हातातून घेऊन, मुठीतल्या दोन चिठ्ठ्या बोटं उघडून परत आत टाकून, स्वतः उचलून बाहेर घेऊन गेला. आता सांगा! चोरी न करण्यासाठी केलेली चोरी पकडली गेली तर माणसानं काय खुलासा द्यायचा? वकीलसुद्धा हात जोडेल.

मी बाहेर आले तर बेरिल माईकवर. "चिठ्ठी काढायला लहान मूल हवं! निष्पाप हात! ये गं विनी!"

मी धावले. "बेरिल, विनी नको, तिचा कान..."

"कानानं काढायचीय का चिठ्ठी? बाकीच्या पोरांचे हात सॉसनं बरबटलेत. गाडीसाठी आहे गं, ब्रिडी." सगळा क्लब माझ्याकडे बघतोय, क्लॅरी तर हाताची घडी घालून बघतोय. चांगल्या कामाला... जाऊ दे.

विनीला खुर्चीवर उभं केलं, डोळ्यांना भांडी पुसायचं फडकं बांधलं. पाच वर्षांच्या नाकावर फडकं राहतं का? एक डोळा लख्ख उघडा. तिनं हात घातला, चिठ्ठी काढली, डोळ्यापाशी नेली... आणि परत बादलीत टाकली. लोक हसले. "अगं, दे की इकडे!" बेरिल म्हणाली. विनीनं दुसरी काढली, निरखून पाहिली, ती पण आत. आता तर लोक टाळ्या पिटायला लागले, "हिला मटण हवंय, मटण!" मला मात्र कळलं, कारण, तुम्हाला सांगते, पोरीला अजून वाचता येत नाही. एकच शब्द येतो. दप्तरावर, डब्यावर, टोपीवर मीच लिहिलेला, सुवाच्य.

तिसरी चिठ्ठी तिनं खुशीत बेरिलच्या हातात दिली.

"क्लॅरी!" बेरिल ओरडली.

क्लॅरी! ज्याला तो संघ डोळ्यांसमोर नको, तो! 'परत काढा' म्हणेल असं मला क्षणभर वाटलं. पण तो कशाला म्हणेल? तो कुठे कमिटीवर आहे? तिकिटं खिशात घातली आणि म्हणाला, "जातो की. त्यांना हरताना जवळून बघेन."

टाळ्या झाल्या. मी चार दिवसांनी पूर्ण श्वास घेतला. सुटले! गाव राहिलं, नाव राहिलं. मागे वळून पाहिलं तर रोरीसुद्धा टाळ्या वाजवत होता... एक... मग दुसरी... मफलर दोन्ही टोकं अगदी समान करून गळ्यात. मला म्हणाला, "बरं झालं. टीव्हीवर नीट दिसतं."

एवढ्यावर संपायला काय हरकत होती? पण बेरिलला कौतुक करायचं होतं! माईक विनीच्या तोंडाशी धरला. "आणि सांग बाळा, त्या पहिल्या दोन का गं परत टाकल्यास?"

मी मनात म्हणतेय, चिकट होत्या म्हण, फाटक्या होत्या म्हण, काहीही म्हण गं माझे आई...

विनीनं फडकं वर सरकवलं, माईक दोन्ही हातांनी धरला.

"त्यांच्यावर आमचंच नाव होतं. आई रोज म्हणते ना, फक्त आपलं नको." मग तिनं गर्दीत बाबाला शोधलं, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, तुला हवी होती का? मग मला सांगायचं ना... तुझं पण ऐकलं असतं मी."