तीन पायांची शर्यत

दवाखान्याच्या बाकावर आजी आपल्या नंबराची वाट बघत बसल्या होत्या. तेवढ्यात एक बाप आणि त्याची लेक लंगडत आत आले. शाळेच्या मैदानावरून थेट, एकेक पाय अजून रुमालाने एकमेकांना बांधलेलाच. बापाचा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला.

"बाबा, सोडू या ना आता!"

"आईला बघू दे आधी."

आजींना राहवेना. "पडलात होय?"

"मी पडलो, आजी! हिनं ओढत नेलं मला."

"एवढ्याशा पोरीनं हे धूड ओढलं? अहो, थापा मीही मारते, पण जरा बेतानं."

"खरंच ओढलं!" लेक म्हणाली. "आमच्या बाई ओरडत होत्या, 'ओढ गं, थोडंच राहिलंय!' त्यांनीच शाळा सुटल्यावर सराव घेतला आमचा."

"आणि हिनं मला बजावलं होतं," बाप म्हणाला, " ही एक शर्यत, मग खेळाचं नाव काढायचं नाही. वर्गात सगळे गोगलगाय म्हणतात ना हिला."

"मग नंबर कितवा?"

"शेवटचा!" दोघं एकदमच ओरडले.

"सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आजी!"

दारातून आई धावतच आली. "अगं, काय होऊन बसलं हे?"

"आई, उद्यापासून सरावाला तू ये. बाबा फार जड आहेत."